दुसऱ्यांचे कोरे लेहंगे

लेहंगा अंगावर चढवला की पहिल्यांदा ऐकू येतं ते पाणी. निदान मला तरी तसंच वाटत आलं आहे. आतलं कॅनकॅनचं कडक जाळीदार कापड अस्तराला घासतं आणि फरशीवरून कुणी बादलीतलं पाणी हळूहळू ओतत नेतंय असा आवाज होतो. आपण थांबलो की तोही थांबतो, पण जरासा उशिरा. त्या उशिरात मला नेहमी भास व्हायचा, की आपल्या मागून आणखी कुणीतरी चालत होतं आणि तेही आत्ताच थांबलं.

हे मला कसं माहीत, असं मला आजवर कुणी विचारलं नाही. मी वर्ध्याला बोरगाव मेघेत राहते आणि घराच्या पुढच्या खोलीत शिलाईचं काम करते. ब्लाउज, फॉल-पिको, आणि गेली बरीच वर्षं लग्नाचे लेहंगे. मी ते शिवत नाही. ते तयारच येतात, नागपूरच्या दुकानातून नाहीतर मोबाइलवर मागवलेले. माझ्याकडे येतात ते उंची कमी करायला, कमरेत बसवायला, घेराचा एखादा लोंबणारा भाग उचलायला. बायका एकमेकींना सांगतात की हिच्या हातून गेलेला लेहंगा पायात येत नाही, नवरी धावत सुटली तरी पडणार नाही. असं कुणी माझ्यासमोर बोललं की मी मान खाली घालून सुईत दोरा ओवत बसते. लोकांना वाटतं, बाई साधी आहे, कौतुकाने लाजते.

खरं असं आहे, की प्रत्येक लेहंगा मी आधी स्वतः घालते. दुपारी, आतल्या खोलीची कडी लावून, मी त्यात चालते. आणि मी विधवा आहे.

आमच्याकडे नवरीचं वस्त्र कोरं असावं लागतं. अंगाला लागण्याआधी त्याच्या कोपऱ्याला सवाष्णीने हळद-कुंकवाचं बोट लावायचं, मग ते घालायचं. ज्या घरांत आता सगळं लग्न फोटोवाल्याच्या सांगण्यावरून चालतं, तिथेही हे बोट कुणी चुकवत नाही. लेहंगा माझ्याकडून घरी जातो, नवरीची आई नाहीतर मामी त्याला बोट लावते आणि समजते की आता हा पहिल्यांदा अंगावर चढेल. तो आधीच चढलेला असतो. त्याच्या अस्तरात माझा दुपारचा घाम वाळलेला असतो.

एवढं लिहायला मला फार वर्षं लागली.

मी मूळची नाचणगावची. माझं लग्न तिथेच, घरासमोरच्या मांडवात लागलं. शालू लांब होता आणि नेसवणाऱ्या मावशीला घाई होती. खोलीतून मांडवापर्यंतच यायचं होतं, पण पावलापावलाला निऱ्या पायात येत होत्या. मामाने दंड घट्ट धरला होता. पडू नये म्हणून मी खाली पाहायला लागले, ती पाटावर उभी राहीपर्यंत खालीच पाहत राहिले. त्यामुळे माझ्या लग्नाची माझी आठवण म्हणजे नुसती जमीन आहे. सारवलेलं अंगण, मांडवाच्या दोरीची सावली, कुणाची तरी पडलेली फुलं, मग पाटाची कड. चेहरे मी नंतर फोटोत पाहिले. नवऱ्यानेही नंतर विचारलं होतं, "खाली पाहून काय शोधून राह्यली होती वं?" मी म्हटलं, पाय. तो खूप हसला होता.

तो हसणारा माणूस काही वर्षांनी तापाचं निमित्त होऊन गेला. मूलबाळ नव्हतं. मी आणि सासूबाई राहिलो, आणि त्यांचं जुनं पायमशीन. त्या दोघींनीच मला काम शिकवलं म्हणायला हवं, सासूबाईंनी आणि त्या मशीनने. दोघी सारख्याच कुरकुरायच्या आणि दोघींनी मला कधी उपाशी ठेवलं नाही.

लेहंग्यांचं काम यायला लागलं तेव्हा मी टेपवर विसंबून राहिले. मुलीला तिच्या उंच सँडलवर उभी करायची, कमरेपासून फरशीपर्यंत माप घ्यायचं, बोटभर उंच ठेवून खालचा काठ दुमडायचा. सोपं वाटलं. मग एका लग्नानंतर त्या मुलीची आई लेहंगा घेऊन आली. काठ खालून पार उसवला होता. मुलगी मांडवात अडखळली होती, एकदा तर भटजींच्या अंगावरच जायची राहिली. आई भांडली नाही, नुसता तो काठ माझ्यापुढे धरून उभी राहिली.

ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं. हे मला आधीच कळायला हवं होतं, कारण मीही याच मांडवांतून वाढलेली. मी माप घेतलं सँडलवर, आणि लग्न लागताना आमच्या मुली अनवाणी असतात. मांडवाच्या कडेला सँडल निघते आणि नवरी एकदम चार बोटं बुटकी होते. लेहंगा मात्र तेवढाच राहतो. नंतर स्टेजवर फोटोसाठी सँडल पुन्हा चढते. एकाच लेहंग्याला एका संध्याकाळी दोन उंचीच्या मुली सांभाळायच्या असतात. मग मी कमरेच्या खाली आतून एक दुमड घालायला लागले, टिचबटणांवर बसणारी. अनवाणी चालायचं तेव्हा बटणं लावायची, सँडल चढली की उघडायची. वरून ओढणीखाली ती दिसतही नाही.

पण ती दुमड केवढी घ्यायची, हे उभ्या असलेल्या मुलीवर कळत नाही. चालताना लेहंगा आपल्या वजनाने खाली सरकतो, एखादा मागून, एखादा एकाच बाजूने. टेपला हे दिसत नाही. कोरा लेहंगा मुलीला आधी घालता येत नाही, आणि साधा परकर देऊन चालायला सांगितलं तर मुली लाजतात, दोन पावलं टाकून हसत खुर्चीवर बसतात. शेवटी एका दुपारी सासूबाई झोपल्यावर मी आतल्या खोलीची कडी लावली आणि हातातला लेहंगा घातला. कामासाठीच घातला. पहिल्यांदा तरी.

उन्हाळ्याचे दिवस होते, लग्नांचे. वर्ध्यात त्या दिवसांत दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. सगळ्या घरांच्या खिडक्यांना कूलर घरघरत असतात आणि आत माणसं ओल्या वाळ्याच्या वासात झोपलेली असतात. आमचा कूलर आतल्या खोलीच्या खिडकीत होता. मी त्याच्यासमोरून गेले आणि घेरात वारं भरलं. सगळा लेहंगा माझ्याभोवती उठला आणि मी मध्ये उभी, जमिनीला जणू लागलेलीच नाही. गडद हिरवा रंग होता त्याचा. खिडकीच्या फटीतून उन्हाची एक रेघ आत आली होती. ती जरीवरून सरकायची आणि भिंतीवर बारीक बारीक उजेड हलायचा, विहिरीच्या आत हलतो तसा.

त्या दुपारी मला चालणं समजलं. पाय उचलायचा नसतो, पायाने घेर पुढे सारायचा असतो. आधी घेर जातो, आपण त्याने केलेल्या जागेत पाय ठेवायचा. डाव्या हाताने मांडीजवळ चिमूटभर कापड धरायचं. ते वर ओढायचं नाही, नुसतं धरून ठेवायचं, गर्दीत लहान मुलाचं बोट धरतात तसं. वळताना आधी लेहंग्याला वळू द्यायचं, मग आपण. एवढं जमलं की खाली पाहावं लागत नाही. मी वर पाहिलं. समोर कपाटाचा आरसा होता, आणि त्यात एक बाई मान ताठ ठेवून माझ्याकडे चालत येत होती.

काम तेवढ्यात झालं होतं. किती दुमडायचं ते कळलं होतं. मी लेहंगा उतरवायला हवा होता. उन्हं कलेपर्यंत मी चालत राहिले.

पुढे ते तसंच चालू राहिलं. मरून, राणी, मोरपंखी, एकदा अगदी दुधासारखा पांढुरका. मी स्वतःला सांगायचे की हे काम आहे, आणि ते कामही होतंच. लेहंगे खरंच चांगले चालायला लागले. पण कामाला जेवढं लागतं त्याच्या पलीकडचं जे होतं, ते माझं होतं. त्यात मी कुणाचीच कुणी नव्हते. कधी मी नाचणगावच्या मांडवात असायचे आणि या वेळी सगळे चेहरे पाहायचे. कधी लग्नबिग्न काही नसायचं, नुसतं एक लांब हिरवं कार्पेट असायचं आणि मी त्यावरून कुठेही न पोचता जात असायचे. कूलरचं पाणी संपलं की त्याचा आवाज कोरडा व्हायचा आणि मला जाग आल्यासारखं व्हायचं. मग घाईघाईने हुक काढायचे, घाम टिपायचे, लेहंगा उलटा करून पंख्याखाली टांगायचे. चोरी करणारा माणूस जसं करेल, तसंच सगळं.

सासूबाईंनी एकदा बाहेरून विचारलं होतं, "काय सळसळून राह्यलं व आत?" मी म्हटलं, कापड आहे, बेतून राह्यली. त्या जायच्या आदल्या उन्हाळ्यात, एका दुपारी मी चालत होते आणि मला वाटलं त्या झोपल्यात. दाराच्या पलीकडून अगदी जवळून त्यांचा आवाज आला, झोपेतल्यासारखा.

"हळू चाल माय. पायात येईन."

मी तिथेच थांबले. लेहंगा थोडा उशिरा थांबला. दार उघडलं तेव्हा त्या आपल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. तो विषय आम्ही दोघींनी पुन्हा कधी काढला नाही. त्यांना किती दिवसांपासून माहीत होतं, राग होता की नव्हता, मला कळलं नाही. पण त्या वाक्याने माझं ओझं हलकं व्हायचं सोडून वाढलंच. कुणाला माहीत नाही तोवर मी त्याला काम म्हणू शकत होते.

आणि मग ती मोरपंखी लेहंग्याची मुलगी परत आली.

माझ्याकडे आली नाही, आईवडिलांकडे आली, कायमची. वर्षही झालं नव्हतं लग्नाला. देवळीकडची मुलगी. तिच्या लेहंग्यात मी इतर कुठल्याहीपेक्षा जास्त वेळ चालले होते, कारण तो मला आवडला होता. नवरा कसा होता, काय झालं, ते लोक सांगत होते, आणि त्यात माझा कुठे संबंध नव्हता हे मला डोक्याने कळत होतं. माझी आई असती तर तिने डोळे मिटून म्हटलं असतं की विधवेने नवरीचं कोरं वस्त्र घातलं, दुसरं काय व्हायचं. मी असल्या गोष्टी मानत नाही असं चारचौघांत म्हणते. एकटी असताना मानते. पोळ्या लाटताना, बसची वाट पाहताना, ती मुलगी माझ्या डोळ्यांपुढून त्या मोरपंखी घेरातून चालत जायची, आणि तिच्या मागून आणखी कुणीतरी चालत असायचं.

मी घालणं सोडलं. पुन्हा टेप धरली. त्या हंगामात लेहंगे परत यायला लागले. पुढून पायात येतो, काकू. मागून ओढतो. एका मुलीने सबंध संध्याकाळ दोन्ही हातांनी घेर धरून काढली म्हणे, हारसुद्धा घालता येईना. मग मी पुन्हा कडी लावली. स्वतःला अट घातली की फक्त माप, आरशाकडे पाहायचं नाही. ती अट मी पाळली नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात शेजारच्या मुलीचं लग्न ठरलं. सावंगीच्या दवाखान्यात ती नर्स आहे. लहानपणापासून माझ्या मशीनखाली चिंध्या गोळा करत खेळलेली. ड्यूटी संपवून ती माझ्याकडे यायची ती पांढऱ्या बुटांत, भराभर, दोन्ही हात मोकळे, जणू एखादा पेशंट माझ्याच घरी खोळंबलाय. तिला लांब कपड्यांची सवय नव्हती आणि भीती तर फारच होती. त्या भीतीला कारण होतं. तिची मामेबहीण आपल्या लग्नात स्टेजच्या पायरीवर पडली होती, आणि तो व्हिडिओ सगळ्या नात्यातल्यांच्या फोनवर अजून फिरतो आहे. लोक पंगतीत बसून तो पाहतात आणि तिच्याच समोर हसतात.

"काकू, मी पडली तर हे लोकं मले जन्मभर तेच दाखवतीन," ती म्हणाली. "मले चालणं शिकवा."

तिचा लेहंगा राणी रंगाचा होता, वजनदार, खाली हातभर जरीचं काम. लॉनच्या फाटकापासून स्टेजपर्यंत तिला एकटीला चालत यायचं होतं, मग मांडवात अनवाणी. सरावासाठी मी तिला कॅनकॅनचा एक जुना परकर दिला. रोज संध्याकाळी ती पुढच्या खोलीत फेऱ्या मारायची. मी खुर्चीवर बसून सांगायचे, घेर पुढे सार, हात सोडून दे, मान वर. ती पाय उचलायची, खाली पाहायची आणि अडकायची.

"तुम्ही सांगता ते समजते, पण दिसत नाई," ती म्हणाली. "एकदा चालून दाखवा न."

मी म्हटलं, माझे गुडघे दुखतात. ती लगेच खाली बसली, माझा गुडघा दोन्ही हातांनी चाचपला, वाकवला, सरळ केला. मग वर पाहून म्हणाली, "गुडघे तर एकदम फिट आहे तुमचे."

आम्ही दोघी हसलो. पण मला त्या हसण्यात बसवेना. कारण तिचा लेहंगा मागे हँगरवर टांगलेला होता, आणि आदल्या दुपारी मी त्यात उन्हं कलेपर्यंत चालले होते. त्याची डावी बाजू जड होती, ती मी सैल केली होती. मग बाकीचा वेळ माझा. मुलीचा कोवळा हात माझ्या गुडघ्यावर होता, आणि मला ती देवळीकडची मुलगी दिसायला लागली. या मुलीला मी दोन दात आले तेव्हापासून ओळखत होते. उद्या हिचं काही वाईट झालं, तर ते मला पोळ्या लाटता लाटता सहन होणार नव्हतं. आणि हिला विचारलं असतं तर हिने कदाचित नाही म्हटलं असतं. ते नाही म्हणणं तिच्या हक्काचं होतं. मी ते तिच्याकडून न विचारता घेतलं होतं.

"तुझा लेहंगा कोरा नाई राह्यला," मी म्हटलं. "काल मी घातलता."

ती माझा गुडघा धरून तशीच बसली होती. "काऊन?"

मग मी का, ते सगळं सांगितलं. सगळेच घालते हे सांगितलं. मोरपंखी लेहंग्याचं सांगितलं. कामापुरतं घालते असं तोंडावर आलं होतं, पण ते खरं नव्हतं म्हणून तेही सांगितलं, की मला आवडतं, त्यात मला बरं वाटतं. आयुष्यात एवढं सलग मी कुणाशी बोलले नव्हते. पेशंट काय होतंय ते सांगतो तेव्हा ऐकत असेल, तशी ऐकत होती. माझं संपल्यावर तिने एवढंच विचारलं, "चांगला चालते का?"

"चालते," मी म्हटलं. "डावीकडून जड होता. काढलं मी ते."

तिने मान हलवली. उठली, लेहंगा हँगरवरून काढून पिशवीत भरला आणि बूट घातले. दारात थांबून म्हणाली, "आईले सांगा लागन मले. मी तिच्यापासून लपवत नाई काही." मी म्हटलं, सांग.

नंतरचे दिवस मी काम केलं असेन, पण काय केलं ते आठवत नाही. शेजारच्या घरात माणसं येत-जात होती, पापड वाळत होते, मांडवाचे बांबू आले. माझ्याकडे कुणी येत नव्हतं. दुपारी आतल्या खोलीत जायचे तर तिथे काहीच टांगलेलं नसायचं. कूलर रिकाम्या खोलीत वारं ढकलत असायचा. मला वाटायचं, त्या वाऱ्यात अजून कुणीतरी घेर सावरत फिरत असेल, आणि ती मी नसेन.

मग एका सकाळी तिची आई आली. बाई माझ्याच वयाची, कमी बोलणारी. खुर्ची पुढे केली तरी बसली नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत बोलली.

"वहिनी, हे तुम्ही मले पहिलेच सांगाले पाह्यजे होतं."

मी हो म्हटलं.

"पोरगी म्हणते, घालन तर तोच घालन. म्हणते, काकूचा चाललेला आहे, त्यात मी पडत नाई." तिने हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "मी तिले काही म्हणत नाई. पण मले बरं नाई वाटलं."

मी पुन्हा हो म्हटलं. तिने पिशवी खुर्चीवर ठेवली, चालणं शिकवायचं राहिलंय तेवढं करून द्या म्हणाली, आणि गेली. मी लेहंगा बाहेर काढला. आतल्या काठाला, कोपऱ्यात, हळद-कुंकवाचं बोट लावलेलं होतं, अजून ओलसर. एवढ्या आधी ते कुणी लावत नाही. तिने माझ्याकडे यायच्या आधी लावलं होतं. आधी जे काही झालं असेल ते होऊ दे, लेहंगा इथून पुढे कोरा, असं तिने आपल्यापुरतं ठरवलं असावं. माफ केलं असं मी म्हणणार नाही. पण ते बोट मी बराच वेळ पाहत बसले.

संध्याकाळी मुलगी आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता दाखवा."

तिचा लेहंगा तिने घातला. मी साडीवरून तो सरावाचा कॅनकॅनचा परकर बांधला. तो माझ्याभोवती चौफेर उभा राहिला. "काकू, तुम्ही छत्रीसारख्या दिसता," ती म्हणाली, आणि मी खरंच तशी दिसत होते. दार उघडं होतं. रस्त्यावरून कुणीही आत पाहू शकलं असतं. माझ्या हाताने सवयीने कडी शोधली, मग मी हात खाली घेतला.

मी पुढे चालले, ती मागे. खोली छोटी, त्यामुळे आम्ही गोल गोल फिरत राहिलो, मशीनला वळसा घालून, खुर्चीच्या मागून, खिडकीच्या समोरून. घेर पुढे, मग पाय. पाणी ओतल्याचा आवाज आता दुहेरी होता. मी थांबले की तिचा आवाज थोडा उशिरा थांबायचा, आणि या वेळी मागे खरंच कुणीतरी होतं. बाहेर उजेड पिवळा होत गेला. आम्ही किती वेळ चाललो ते मला सांगता येणार नाही. एका वळणावर मी सहज मागे पाहिलं, तर ती खाली पाहत नव्हती. ती खिडकीबाहेर पाहत चालली होती, कुठेतरी दूर, जशी मी पाहायचे.

लग्नाच्या दिवशी तिला तयार करायला पार्लरची मुलगी होती. मला आत बोलावलं नाही, आणि मीही गेले नाही. मी लॉनवर मागच्या खुर्च्यांत, पंख्याच्या आडोशाला बसले. सगळ्यांचे फोन वर होते. ती फाटकातून आत आली ती माझ्या बाजूने, आणि माझ्या खुर्चीजवळून पुढे गेली, त्यामुळे समोरून मला ती अगदी थोडी दिसली. मग उरली ती पाठ.

आणि ती चाल माझी होती. घेर सारायची ती रीत, मांडीजवळची ती चिमूट, वळताना अर्धा क्षण थांबून कापडाला पुढे जाऊ देणं. आरशात मी स्वतःला नेहमी येताना पाहिलं होतं. जाताना कधी पाहिलं नव्हतं. ती हिरव्या कार्पेटवरून जात होती, आणि तिच्या मागून कुणीही चालत नव्हतं.

पुढे स्टेजवरून उतरल्यावर मांडवाच्या कडेला ती थांबली. सँडल काढल्या. ओढणीखाली हात घालून तिने ती दुमड शोधली आणि एकेक बटण लावलं, शांतपणे, जणू पेशंटच्या हाताला पट्टी बांधतेय. आई समोरच उभी होती आणि तिच्या हातांकडे पाहत होती. मग मुलगी अनवाणी पाटाकडे निघाली.

ती आता अमरावतीला असते. तिचा फोन येतो तेव्हा आवाजात काही कमी आहे का, हे मी आधी ऐकते, मग शब्द. ही भीती जाईल असं मला वाटत नाही. हल्ली लेहंगा आला की मी आधीच सांगते, मी घालून पाहीन, चालत असेल तर ठेवा. काही जणी पिशवी उचलून परत जातात.

पण त्या दिवशी मांडवात मी एवढंच पाहत होते, की ती खाली पाहते की काय. तिने पाहिलं नाही. तिने एकेक चेहरा पाहिला, मामाचा, आत्याचा, मैत्रिणींचा, नवऱ्याचा, आणि पाटावर चढल्यावर मान वळवून मागच्या खुर्च्यांकडेही पाहिलं.

ती मला शोधत होती. मी उभी राहिले, तिला दिसावं म्हणून.